घरी घडवलेला पुलर

बगी, म्हणजे वाळूत चालणारी छोटी उघडी मोटार, बंद पडली ती दुसऱ्या फाटकाशी. आधी एक किंचाळी, मग जळक्या रबराचा वास, मग काहीच नाही. डेस हॉलिहननं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. त्याची बायको नोलीन शेजारी बसली होती. मागचे डिझेलचे डबे उसळून पडू नयेत म्हणून तिनं एक हात त्यांच्यावर दाबून धरला होता.

"थांबलास का?"

"मी नाही थांबलो. ती थांबली."

नोलीननं हॅटखाली अडकलेली माशी काढली आणि वाळूच्या टेकड्यांकडे बघितलं. लाल वाळूच्या तीन टेकड्या, एकीमागे एक, आणि त्यांच्यापलीकडे टोकाची बोअर. तिथं तिच्या गायी होत्या.

बाकीची जनावरं दुष्काळाच्या पहिल्या दोन वर्षांत विकून झाली होती. या तेवढ्या लाल गायी राहिल्या, कारण या हॉलिहनांच्या नव्हत्याच. नोलीनच्या वडिलांनी लग्नात दिलेल्या कालवडींची ती पिलावळ. पाऊस पडला की यांच्यावरच पुन्हा कळप उभा करायचा, असं ठरलं होतं. घराजवळ खायला गवताची काडी नव्हती. टेकड्यांपलीकडे मल्गाची झाडं अजून उभी होती. डेस करवतीनं फांद्या पाडायचा आणि गायी पाला खायच्या. पाण्यासाठी बोअरवर जुनं इंजिन होतं. त्यात डिझेल ओतून हातानं सुरू करायचं, डिझेल संपेपर्यंत ते चालायचं, टाकी भरायची, आणि गायी दोन दिवसांत ती रिकामी करायच्या. आज भरायचा दिवस होता.

"टाकीत किती असेल?" नोलीननं विचारलं.

"उद्यापर्यंत पुरेल."

"आणि परवा?"

"परवाचं परवा. आज रात्री ही चालू होतेय."

दोघं चालत घरी आली. या जागेचं नाव ग्लेनॲर्डी. डेसच्या आजोबांनी स्कॉटलंडातल्या कुठल्याशा ओल्या दरीवरून ठेवलेलं. इथं दरी नाही आणि ओलही नाही, पण नकाशावर नाव आहे, आणि सरकारी लोक अजून पत्त्यावरून हिरवळ शोधत येतात.

डेसनं ट्रॅक्टरनं बगी शेडमध्ये ओढून आणली.

त्या शेडबद्दल सांगायला हवं. आमच्या भागात अवजार विकत आणणं म्हणजे दारात कोंबड्या असताना दुकानातून अंडी आणण्यासारखं. माणूस आणतो, पण वर काहीतरी झाकून आणतो. डेसच्या भिंतीवर एकही विकतचं अवजार नव्हतं असं तो सांगायचा. एक पान्हा विकतचा होता, पण तो दाराच्या मागे टांगलेला असे. बाकी सगळं घरचं. सायकलच्या नळीचा टी-पान्हा. शाळेच्या बाकाच्या पायांपासून केलेला व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबायचा शिकंजा. एक पान्हा तीन ठिकाणी वाकवलेला होता. कुणी बोलावलेलं नसताना कुठल्याही कोपऱ्यात शिरायचा म्हणून त्याचं नाव सासूबाई. आणि कोपऱ्यात धुण्याच्या मशीनच्या मोटरीवर चालणारा लेथ. हा लेथ मधूनच थांबायचा, घुर्रर्र करायचा आणि पुन्हा फिरायचा. आत कुठंतरी त्याला अजून कपडे पिळायचे होते.

डेसनं बगीचं बाजूचं झाकण उघडलं. इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा रबरी पट्टा फाटून त्याचे दोरे दोरे झाले होते, आणि ते दोरे क्लचच्या मागे गुंडाळून इतके घट्ट बसले होते की क्लच हलत नव्हता.

"पट्टा आहे ना आपल्याकडे?" नोलीन म्हणाली.

"पट्टा आहे. पण क्लच काढल्याशिवाय हे दोरे निघणार नाहीत. आणि पुलरशिवाय क्लच निघणार नाही."

"मग पुलर?"

"त्याला जाडजूड लांब बोल्ट लागतो. क्लचच्या मधल्या भोकात आटे आहेत. त्यात पिळत न्यायचा. टोक आतल्या दांड्याला टेकलं की क्लच आपोआप बाहेर ढकलला जातो."

"तसा आहे आपल्याकडे?"

"संध्याकाळपर्यंत असेल."

नोलीन दारातल्या डब्यावर बसली. पायांतले बूट काढून तिनं वाळू झटकली.

"विकत मिळतो ना हा?"

"टपालाच्या गाडीनं. ती येईपर्यंत तुझ्या गायी चालत इथं येतील आणि विचारतील, काय झालं."

"लिंडसेकडे बगी आहे."

डेस ऐकलं न ऐकल्यासारखं करून ड्रॉवर उपसू लागला.

"मी म्हटलं, लिंडसे क्रॉलीकडे बगी आहे. तासाभराच्या रस्त्यावर. चालू आहे. चार चाकं आहेत."

"लिंडसेकडे माझा बेअरिंग-पुलरही आहे."

हे भांडण दोन वर्षांचं. लिंडसेनं डेसचा नांगराच्या पात्यांपासून केलेला पुलर उसना नेला होता. अवजार उसनं द्यायचं, परत येताना सोबत बिअर यायची, हा इथला रिवाज. लिंडसेनं बिअर आणली. पुलरही आणला. पण त्याला एक लांब हँडल वेल्डिंग करून आणला, आणि म्हणाला, आता कसं सोपं झालं बघ. डेसनं बिअर घेतली आणि पुलर त्याच्याच गाडीत परत टाकला. "सुधारलास ना, मग ठेव तुझ्याकडेच." तेव्हापासून दोघं एकमेकांना रस्त्यात बघून नमस्कारादाखल स्टिअरिंगवरून एक बोट वर करायचे. आधी चार करायचे.

"एका हँडलसाठी?" नोलीन म्हणाली.

"हँडलसाठी नाही. त्यानं विचारलं नाही."

"मी विचारते त्याला. फोनवर."

"नोल, मी आज हे काढतो. काढलं नाही तर उद्या कर फोन. माझ्यादेखत कर. पण आज नको."

नोलीननं बूट पुन्हा पायांत घातले. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला ओलांडून तिनं कधी कुणाला फोन केला नव्हता, आणि इथं ही गोष्ट मोठी मानतात. टेलिफोनच्या तारेवरून बातमी माणसाच्या आधी पोचते.

दुपारभर डेसनं काम केलं. एका मेलेल्या ट्रकचा ॲक्सल त्यानं कापला. ठिणग्या त्याच्या केस नसलेल्या हातांवर पडत होत्या आणि तो त्या माश्यांसारख्या झटकत होता. लेथवर दांडा फिरवून, कानस धरून त्यानं तो बारीक केला, टोकाला गोलाई दिली. शेडच्या पत्र्याखाली इतकं तापलं होतं की पकड कुठंही ठेवली तरी पुन्हा उचलताना फडकं लागे. नोलीन तेल सोडत होती. काम सुंदर चाललं होतं, हे कबूल केलं पाहिजे. दांडा आरशासारखा चमकत होता. तिरकं बघितलं तर डेसचं नाक त्यात दिसत होतं, जरा लांबट.

मग आटे पाडायचे. डेसच्या वडिलांची आटे पाडायची पेटी होती, लाकडी, मखमलीचं अस्तर उंदरांनी खाल्लेलं. ती सगळी इंचात. ग्लेनॲर्डीवर सगळंच इंचात होतं. फाटकं, पंप, पवनचक्की, आजोबांचा चष्मासुद्धा बहुतेक. बगी तेवढी मिलिमीटरची. डेसला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानं क्लचचं भोक मोजलं, पेटीतलं सगळ्यात जवळचं माप काढलं, आणि अंगठ्याच्या नखानं अंतर दाखवलं.

"एवढा फरक."

"एवढा म्हणजे किती?"

"काही नाही. कानशीनं जातो."

"डेस, काही नाही असेल तर कानस कशाला?"

"तू तेल सोड."

दांड्यावर आटे पडले, चकचकीत, एकसारखे. डेसनं त्यावरून कानस फिरवली, पांढरा टेप गुंडाळला आणि दांडा भोकात लावला. पहिले तीन वेढे लोण्यात गेल्यासारखे गेले. चौथा जड गेला. पाचव्याला त्यानं पान्हा लावला.

"घट्ट आहे," नोलीन म्हणाली.

"घट्ट म्हणजे पकड आहे."

सहाव्या वेढ्याला टोक आतल्या दांड्याला टेकलं. डेसनं पान्ह्याला पाण्याची लोखंडी नळी अडकवली, लांब, आणि तिच्या टोकाला लोंबकळला. काही हललं नाही. नोलीन उठली, तिनंही नळी धरली. दोन म्हातारी माणसं एका नळीला लोंबकळत होती. बाहेरून कुणी बघितलं असतं तर त्याला काय वाटलं असतं, देव जाणे. नोलीनचा श्वास डेसच्या मानेवर येत होता. तिच्या मनगटाची हाडं पांढरी दिसत होती.

"एकदम," डेस म्हणाला. "आता."

टक् झालं. नळी खाली आली आणि दोघं जमिनीवर बसली.

नोलीन हसली. डेसही हसला. क्लच सुटतो तेव्हा असाच आवाज होतो, एकच, कोरडा. अडचण एवढीच की आटे जातात तेव्हाही असाच होतो.

डेसनं दांडा दोन बोटांनी धरला आणि सरळ बाहेर ओढला. तो आला. त्याच्या आट्यांमध्ये क्लचच्या आतल्या आट्यांची चकचकीत तार अडकली होती. डेसनं ती हळूच सोडवली आणि तळहातावर ठेवली.

"म्हणजे काय झालं?" नोलीननं विचारलं. तिला कळलं होतं.

"म्हणजे आता या भोकात काहीच धरणार नाही. विकतचा पुलरही नाही."

रात्री दोघांनी खारवलेलं गोमांस आणि पाव खाल्ला. डेसनं चहाचा कप दोनदा उचलला आणि दोनदा तसाच ठेवला.

सकाळी नोलीनच म्हणाली, पिकअप घेऊन जाऊ. ट्रॅक्टर तर त्या वाळूत चालतच नसे, आणि डेसला माहीत होतं की पिकअपही टेकडीवर चढणार नाही. तो म्हणाला, "चल." पहिल्या टेकडीच्या निम्म्यावर चाकं रुतली, ॲक्सलपर्यंत. सोबत आणलेले पत्रे चाकांखाली सारून पिकअप पुढं सरकायची, हातभर, आणि पुन्हा बुडायची. डेस फावड्यानं खणत होता. त्याची पाठ उसण भरून एका बाजूला वाकली, तशी तो गुडघ्यांवर बसून खणू लागला. वाळू इतकी बारीक होती की जेवढी काढावी तेवढी घरंगळून परत येई. नोलीन पत्रे ओढत होती. एका पत्र्याची कड तिच्या पोटरीला लागली, रक्त आलं, आणि त्यावर लगेच माश्या बसल्या.

"इथून चालत गेलं तर?" ती म्हणाली.

"गेलीस तर पोचशील. डिझेलचा डबा घेऊन नाही पोचणार. आणि परत नाही येणार."

दुपारी दोघं चालत घरी परतली. पिकअप तिथंच राहिली, डिझेलसकट. व्हरांड्यात शिरल्यावर नोलीननं बूट काढले नाहीत. सरळ फोनकडे गेली. डेस दारात उभा होता. तिनं त्याच्याकडे बघून नंबर फिरवला, ठरल्याप्रमाणे, त्याच्यादेखत.

फोन लिंडसेच्या बायकोनं, पॅट्सीनं घेतला.

"लिंडसे? अगं, तो पहाटेच गेला. हॅमंडांकडे गुरं गोळा करायला. बगी घेऊनच गेलाय. तिथं फोन लागत नाही. रात्री उशिरा येईल." मग जरा थांबून, "काल फोन केला असतास, तर दिवसभर इथंच होता. रेडिओवर क्रिकेट ऐकत आमच्या संघाला शिव्या देत बसला होता. मीच कंटाळले. काय झालं गं?"

"काही नाही," नोलीन म्हणाली. "आला की सांग त्याला, टोकाच्या बोअरला जायचंय. गायी आहेत."

फोन ठेवून ती तिथंच उभी राहिली. डेस दारात नव्हता. शेडमधून ग्राइंडरचा आवाज येत होता.

त्या संध्याकाळी डेसनं दुसरं अवजार केलं. क्लचला मागून दोन बाजूंनी पकडणारे दोन पंजे, ट्रकच्या कमानपाट्यांचे, लाल तापवून ऐरणीवर वाकवलेले, मधोमध आडवी पट्टी आणि स्क्रू. पाठ वाकडीच होती, म्हणून तो एका कुशीनं झुकून घण मारत होता. नोलीन चहा घेऊन आली आणि चिमटा धरायला थांबली, कारण दुसरं कुणी नव्हतं.

"पॅट्सी काय म्हणाली?"

"काल घरीच होता म्हणाली."

घण एकदा ऐरणीवरच पडला. मग पुन्हा पंज्यावर.

पंजे बसले. स्क्रू आवळला. यावेळी आवाज वेगळा झाला, बशी फुटल्यासारखा. क्लचचा ॲल्युमिनियमचा तुकडा डेसच्या गालाला लागून पलीकडे पडला. डेसनं गाल पुसला, तुकडा उचलला, तो जिथून निघाला तिथं लावून बघितला. बरोबर बसत होता. मग त्यानं अवजार खोललं, तेलाचं फडकं फिरवलं आणि भिंतीवर टांगलं.

लिंडसे उजाडताना आला. बगीच्या मागे पाण्याची पिंपं, डिझेल, दोरखंड. तो मोठा, लालबुंद, बोलका माणूस, पण खाली उतरल्यावर त्याला सुरुवात सापडेना. सीटखालून त्यानं बेअरिंग-पुलर काढला. त्याचं हँडल कापून टाकलेलं होतं आणि जागा कानशीनं घासलेली.

"हे तुझं," तो म्हणाला. "तुला आता लागेल असं नाही. पण तुझं आहे."

डेसनं तो घेतला आणि पायरीवर ठेवला.

"डिझेल आहे ना?" डेसनं विचारलं.

"आहे."

"चल मग."

तिघं एका सीटवर दाटीनं बसली, नोलीन मध्ये, बंदूक तिच्या गुडघ्यांमध्ये. बगी पहिली टेकडी चढली आणि रुतलेल्या पिकअपच्या शेजारून गेली. लिंडसे गुरांच्या मागे धावताना सहसा गातो. आज तो फक्त गिअर बदलत होता. तिसऱ्या टेकडीच्या माथ्यावर त्यानं बगी थांबवली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. खाली टाकी दिसत होती. टाकीभोवती लाल लाल पडलेलं होतं आणि त्यावर कावळे होते.

"चल ना," नोलीन म्हणाली.

टाकी कोरडी होती. पाण्याच्या गव्हाणीतला तरंगता बॉल, गव्हाण भरली की नळ बंद करणारा, मोडून पडला होता. गायींनी तहानेच्या रेटारेटीत तो पहिल्याच रात्री मोडला असणार. टाकीतलं उरलेलं पाणी गव्हाणीतून वाहून वाळूत गेलं होतं. गव्हाणीपुढं चिखल झाला होता, आणि पुढच्या गायी त्यात रुतल्या होत्या, मागच्या त्यांच्यावर चढल्या होत्या, आणि मग चिखल वाळला होता. काही गायी डोळे उघडून पडल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत अजून माश्या बसत होत्या आणि पापण्या अजून हलत होत्या.

लिंडसेनं हॅट काढली, पुन्हा घातली. "बॉल मोडला होता, डेस. तू काय करणार होतास? पाणी तर पहिल्याच रात्री गेलं."

"दुसऱ्या दिवशी सकाळी आलो असतो," नोलीन म्हणाली, "तर उभ्या असत्या."

लिंडसेनं डिझेलचा डबा उचलला. डेसनं तो त्याच्या हातातून घेतला, इंजिनात ओतला, हँडल लावलं आणि फिरवलं. इंजिन पहिल्याच फेरीत सुरू झालं. खाली खोलवरून नळी खाकरली, हवा आली, तांबडं पाणी आलं, आणि मग स्वच्छ, खोल जमिनीतलं असतं तसं कढत पाणी टाकीत पडू लागलं.

नोलीननं पिंपातलं थंड पाणी बादलीत घेतलं. एका शिंगाची गाय, कळपाच्या पुढे चालणारी, चिखलाच्या काठाला होती. नोलीन तिच्यापुढं गुडघ्यांवर बसली आणि बादली तिच्या तोंडाशी तिरकी धरली. गायीनं जीभ काढली. जीभ काळी होती, जाड झालेली. तिनं थोडं पाणी घेतलं. मग आणखी थोडं.

"पितेय," लिंडसे हळूच म्हणाला.

गायीनं पुढचे पाय रोवले आणि उठायचा प्रयत्न केला. पुढचं अंग उचललं, मागचं उचललं नाही. पुन्हा केला. लिंडसे आणि डेस मागून दोरखंड घालायला धावले, ओढलं, खांदे लावले. ती दोघांसकट कलली. तिसऱ्यांदा तिनं प्रयत्न केला नाही. नोलीनच्या मांडीवर मान टाकून ती नुसती श्वास घेत राहिली.

नोलीननं तिच्या कपाळावरची वाळू पुसली. डोळ्यांच्या कडेची माती ओल्या बोटानं काढली. मग ती मान हळूच खाली ठेवून उठली आणि बगीकडे गेली.

"मी करतो," डेस म्हणाला. तो तिच्या वाटेत आला होता.

"नको."

"नोल, दे इकडं."

"माझ्या आहेत." तिनं बंदुकीत गोळी भरली. आवाज नेहमीचा होता, घरात मीठ संपलंय सांगताना असतो तसा. "तू इंजिनाकडे बघ."

डेस इंजिनाकडे गेला. तिथं बघायला काही नव्हतं, ते उत्तम चाललं होतं. तरी त्यानं तेलाची पट्टी काढली, पुसली, बघितली, परत घातली. पहिली गोळी झाली. कावळे उडाले, थोडं दूर जाऊन बसले. डेसनं पट्टी पुन्हा काढली. लिंडसे एका गायीकडून दुसरीकडे जात होता, हात लावून बघत होता, आणि जी जिवंत असेल तिच्याजवळ हात वर करून उभा राहत होता, म्हणजे नोलीनला कळावं. मध्ये बराच वेळ गोळी झाली नाही. मग झाली. मग पुन्हा.

सावल्या आखूड झाल्या तेव्हा नोलीन परत आली. बंदूक तिनं सीटवर ठेवली आणि हात टाकीच्या नळाखाली धरले. पाणी कढत होतं. तिनं हात काढले नाहीत.

"झालं?" डेस म्हणाला.

"हो."

टाकी अर्ध्यावर आली होती. गुलाबी काकाकुव्यांचा एक थवा कुठूनसा आला आणि गव्हाणीच्या कडेला रांगेनं बसून भांडू लागला. लिंडसे इंजिनापाशी उभा होता, कळीवर हात ठेवून. एकदा डेसकडे बघून, एकदा नोलीनकडे बघून त्यानं विचारलं, "बंद करू?"

डेसनं तोंड उघडलं. मग नोलीनकडे बघितलं.

"राहू दे," नोलीन म्हणाली आणि बगीत जाऊन बसली.

लिंडसेनं हात काढला. डेस थोडा वेळ तिथंच उभा राहिला, मग येऊन कडेला बसला. बगी टेकडी चढू लागली. मागं इंजिन एका लयीत चालत राहिलं. त्यात संध्याकाळपर्यंत पुरेल इतकं डिझेल होतं.